रायझन ५००० ओव्हरक्लॉक केल्यावर पीसी अचानक रीस्टार्ट होतो? दोषी कोअर असा शोधा

सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी अर्धा तास व्यवस्थित चालते, गेम चालतो, आणि ब्राउझरमध्ये नुसतं काहीतरी वाचत असताना मशीन फटकन रीस्टार्ट होतं. एएमडीच्या ५६००एक्स, ५८००एक्ससारख्या प्रोसेसरवर पीबीओ (बूस्ट आपोआप वाढवणारी एएमडीची सोय) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (उणे आकडा देऊन प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कापणारी सेटिंग) वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. त्यावर ‘व्होल्टेज वाढवा’ हा सल्ला हमखास मिळतो, पण कुठलं व्होल्टेज आणि कुठल्या कोअरचं हे ठरवल्याशिवाय तो म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मशीन नेमकं कधी कोसळतं हे आधी बघा. सगळ्या कोअरवर लोड असतो तेव्हा प्रत्येक कोअरचा क्लॉक बराच खाली असतो. हलक्या कामात मात्र एखादाच कोअर क्षणभर सर्वोच्च बूस्टला जातो: ५८००एक्सवर ४.७ गिगाहर्ट्झ, आणि बूस्ट ओव्हरराइड दिला असेल तर आणखी २०० मेगाहर्ट्झपर्यंत. कर्व्ह ऑप्टिमायझरने कापलेलं व्होल्टेज नेमकं तिथे कमी पडतं. म्हणूनच मल्टिकोअर चाचणी पास होऊनही हा दोष सापडत नाही.

१. आधी सगळं मूळपदावर आणा

महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्या. अस्थिर मशीन गुपचूप डेटा खराब करू शकतं. बायोसमधल्या सध्याच्या सेटिंग्जचे फोनवर फोटो काढा आणि ‘लोड ऑप्टिमाइझ्ड डीफॉल्ट्स’ निवडा. यात एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगावर चालवणारा प्रोफाइल, आसूसच्या बोर्डवर डीओसीपी) बंद होतो, तो बंदच राहू द्या. बायोसच उघडत नसेल तर वीज बंद करून मदरबोर्डवरचे सीमॉस क्लिअरचे दोन पिन स्क्रूड्रायव्हरने दहाएक सेकंद जोडून धरा.

अशा अवस्थेत दोन-तीन दिवस नेहमीचं काम करा. तरीही पीसी रीस्टार्ट होत असेल तर दोष ओव्हरक्लॉकचा नाही. पॉवर सप्लाय, रॅम, सॉकेटमधला सैल प्लग, यूपीएसची संपत आलेली बॅटरी अशा क्रमाने तपासा.

२. इव्हेंट व्ह्यूअर वाचा

डीफॉल्टवर मशीन टिकलं की जुन्या सेटिंग्ज परत लावा, पण एक्सएमपी अजून बंदच ठेवा. कोसळल्यावर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टिम’ लॉग उघडा. ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल, त्याच्या मागे लागू नका. मशीन नीट बंद झालं नाही एवढंच ते सांगतं. लाइट गेली तरी तीच नोंद पडते. कामाची नोंद ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ (विंडोजची हार्डवेअर-दोषांची नोंद) या नावाने असते.

आयडी १८ आणि सोबत ‘कॅश हायरार्की एरर’ असेल तर कुठल्या तरी कोअरला व्होल्टेज कमी पडलं, असा बहुतेक वेळा अर्थ असतो. त्याच नोंदीत ‘प्रोसेसर एपीआयसी आयडी’ दिलेला असतो. सहा किंवा आठ कोअरच्या चिपवर एसएमटी (एका कोअरवर दोन थ्रेड) चालू असेल तर त्या आकड्याला २ ने भागा. आयडी १० किंवा ११ असेल तर कोअर ५. ही मोजणी ० पासून आहे. काही सॉफ्टवेअर कोअर १ पासून मोजतात, तिथे तोच कोअर ६ दिसेल. इथे घोळ झाला तर निर्दोष कोअरला व्होल्टेज मिळतं आणि आजार तसाच राहतो.

आयडी १९ आणि ‘बस/इंटरकनेक्ट एरर’ असेल तर थेट चौथ्या पायरीवर जा.

३. एकेक कोअर तपासा

यासाठी कोअरसायकलर हे मोफत साधन आहे. ते प्राइम९५ ही ताण-चाचणी एका वेळी एकाच कोअरवर चालवतं, त्यामुळे तो कोअर पूर्ण बूस्टला जातो. प्रत्येक कोअरला निदान १० मिनिटं द्या आणि रात्रभर फेऱ्या चालू ठेवा. ‘राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’ असा एरर आला की तो कोअर नापास.

त्या एकाच कोअरचा कर्व्ह ऑप्टिमायझरमधला आकडा ५ ने सौम्य करा, म्हणजे −२५ असेल तर −२०. एक अंक साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टचा, म्हणजे कोअरला १५ ते २५ मिलिव्होल्ट परत मिळतात. पास झाल्यावर आणखी २-३ अंकांची सूट ठेवा. थंडीत केलेली चाचणी मे महिन्यात खोलीचं तापमान १५ अंशांनी चढल्यावर टिकेलच असं नाही.

सगळ्या कोअरना सरसकट −३० देऊन मोकळं होणं हा आळस आहे. एएमडीचं रायझन मास्टर हे सॉफ्टवेअर ज्यांच्यावर चांदणीची खूण करतं ते ‘सर्वोत्तम’ कोअर आधीच कमी व्होल्टेजवर जास्त पळत असतात. त्यांना −५ किंवा −१० देखील जड जाऊ शकतं, आणि तेच आधी पडतात.

पीसी निष्क्रिय असतानाच रीस्टार्ट होतो आणि डब्ल्यूएचईएची नोंदही नाही, असं असेल तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ हा पर्याय ‘टिपिकल करंट आयडल’ वर ठेवून बघा.

४. मेमरी आणि फॅब्रिक

कोअर पास झाल्यावरच एक्सएमपी चालू करा. ३६०० च्या रॅमला एफसीएलके (चिपचे भाग जोडणाऱ्या ‘फॅब्रिक’चा क्लॉक) १८०० मेगाहर्ट्झ लागतो, ३८०० ला १९००. १९०० पासून पुढे अनेक चिप अडखळतात: मशीन कोसळत नाही, पण आयडी १९ च्या नोंदींचा पाऊस पडतो, ऑडिओ खरखरतो. १८०० वर उतरलात की नोंदी थांबल्या, तर निदान पक्कं. नंतर मेमटेस्ट८६ चे चार पास पूर्ण करा. एकही एरर चालत नाही, ‘एकच तर आला’ हा हिशेब इथे नको.

५. पूर्ण लोडवर पडत असेल तर

हा प्रकार मुख्यतः सगळ्या कोअरना हाताने एकच क्लॉक बांधून दिल्यावर दिसतो. लोड येताच व्होल्टेज खाली बसतं. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एसव्हीआय२ टीएफएन’ लिहिलेलं कोअर व्होल्टेज बघा. बायोसमध्ये टाकलेला आकडा आणि लोडवरचा आकडा यांत मोठा फरक असेल तर लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोडवर व्होल्टेज खाली बसण्याला आवर घालणारी बायोसमधली सेटिंग) एक पायरी वाढवा. सर्वांत वरच्या पायरीवर नेऊ नका, कारण लोड सुटताना व्होल्टेज उसळी मारतं. तापमानही बघा: ५८००एक्सची मर्यादा ९० अंश आहे. कूलर तिथेच टेकलेला असेल तर व्होल्टेज वाढवून उष्णताच वाढते. क्लॉक ५० मेगाहर्ट्झने उतरवा.

ऑटो बूस्टवर हलक्या कामात १.४५ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला तर घाबरू नका, या चिपचं ते नेहमीचं वागणं आहे. हाताने कायमचं तेवढं व्होल्टेज बांधणं मात्र घातक आहे.

सगळं पास झालं तरी सिनेबेंचचा स्कोअर डीफॉल्टपेक्षा कमी येतोय का, ते तपासा. एचडब्ल्यूइन्फोमधला ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ लोडवर दाखवलेल्या क्लॉकच्या बराच खाली असेल तर चिप व्होल्टेजअभावी क्लॉक ताणते आहे: कोसळत नाही, पण मंदावते. आकडे आणखी सौम्य करा. आणि बायोस अपडेट केलात की जुने आकडे डोळे झाकून परत टाकू नका, तिसरी पायरी पुन्हा एक रात्र चालवा.