ऑटोक्रॉससाठी गाडी तयार करताना या चुका टाळा: आधी वर्ग ठरवा, मग पार्ट घ्या

गाडीत दहा फेरफार नियमात बसणारे असले आणि एकच न बसणारा असला, तरी गाडीचा वर्ग तो एकटाच ठरवतो. ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे मोकळ्या जागेत शंकू मांडून आखलेल्या मार्गावर एकेक गाडी वेळ मोजून पळवण्याच्या स्पर्धेत, सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. पार्ट आधी येतात, गाडीला लागतात आणि नियमपुस्तक उघडतं ते स्पर्धेच्या आदल्या रात्री. मग लक्षात येतं, की एका ईसीयू ट्यूनमुळे (इंजिनच्या संगणकातल्या बदलामुळे) किंवा अर्ध्या इंचाने जास्त रुंद चाकांमुळे आपली गाडी वरच्या वर्गात ढकलली गेली आहे. तिथे बाकीच्यांनी स्प्रिंग, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे), स्वे बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) सगळंच बदललेलं असतं आणि आपल्याकडे बदललेली एवढी एकच गोष्ट असते.

खालची उदाहरणं स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीएच्या सोलो (ऑटोक्रॉसचं त्यांचं नाव) नियमांमधली आहेत. ते नियम दरवर्षी सुधारतात, त्यामुळे आकडे चालू वर्षाच्या पुस्तकाशी ताडून पाहा. शिवाय स्थानिक क्लबचे स्वतःचे वर्ग असतील तर तेही आधी विचारून घ्या.

"मनाई कुठे लिहिली आहे?" हा प्रश्नच चुकीचा

हे नियम परवानगीच्या पद्धतीने लिहिलेले आहेत. जे करता येतं ते लिहिलेलं असतं, आणि जे लिहिलेलं नाही ते करता येत नाही. स्ट्रीट या मूळ गटात ब्रेक पॅड हवे ते चालतात. शॉक बदलता येतात, पण स्प्रिंग कंपनीचीच राहते आणि तिची बैठकही मूळ जागीच हवी. एअर फिल्टरचा आतला एलिमेंट बदलता येतो, हवा ओढणारी पूर्ण नळीच बदलणारा कोल्ड एअर इनटेक नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागचा एक्झॉस्ट मोकळा आहे. स्वे बार एकाच बाजूचा बदलायचा, पुढचा किंवा मागचा. स्ट्रट ब्रेस (दोन बाजूंच्या स्ट्रटची, म्हणजे शॉक-स्प्रिंगच्या खांबांची, वरची टोकं जोडणारा दांडा) बसवला की गाडी या गटातून बाहेर.

स्ट्रीट टूरिंगमध्ये स्प्रिंग, दोन्ही स्वे बार, स्ट्रटच्या गाड्यांना कॅम्बर प्लेट (चाकाचा उभा कल, म्हणजे कॅम्बर, बदलणारी) अशी बरीच मोकळीक मिळते. बुशही बदलता येतात, पण धातूचे नाहीत. पॉलियुरेथेनचा बुश चालतो म्हणून त्याच कंपनीच्या किटमधला गोलाकार धातूचा बेअरिंगही चालेल, असं गृहीत धरू नका. जोड्यांमध्ये मिळणाऱ्या किटमुळे ही चूक वारंवार होते. एका पाकिटातला अर्धा माल नियमात बसतो, अर्धा बसत नाही.

जुनी गाडी घेतली असेल तर

आधीच्या मालकाने काय बदललं हे त्याच्या आठवणीवर सोडू नका. गाडी उचला, फॅक्टरी सर्व्हिस मॅन्युअल शेजारी ठेवा आणि एकेक भाग ताडून पाहा: स्प्रिंगवरचे रंगाचे ठिपके, स्वे बारची जाडी व्हर्नियरने, चाकांच्या आत कोरलेली रुंदी आणि ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर), कन्व्हर्टर जागेवर आहे की नाही. स्प्रिंग तर हमखास फसवते, कारण थोडी खाली बसलेली गाडी डोळ्यांना मूळचीच वाटते.

त्याच मॉडेलच्या वरच्या ट्रिममधला (महागड्या प्रकारातला) जाड स्वे बार किंवा मोठा ब्रेक "कंपनीचाच तर आहे" म्हणून बसवणं हीसुद्धा चूक. मूळ गटात ट्रिमचं रूपांतर करायचं तर ते पूर्ण करावं लागतं, म्हणजे त्या ट्रिमचे सगळेच वेगळे भाग हवेत. दोन ट्रिमची खिचडी चालत नाही.

चाकं: इथे मिलिमीटर मोजा

स्ट्रीटमध्ये चाकाची रुंदी मूळची, व्यास एक इंच कमी-जास्त आणि ऑफसेट मूळच्या 7 मिमी अलीकडे-पलीकडे, एवढीच सूट आहे. समजा मूळ चाक 7 इंच रुंद आणि ऑफसेट 45 आहे. 40 ऑफसेटचं चाक चालेल. त्यावर 5 मिमीचा स्पेसर (चाक आणि हबमधली चकती) चढवला की हिशेबात ऑफसेट 35 झाला, आणि गाडी नियमाबाहेर गेली. चाक वेगळं आणि स्पेसर वेगळा मोजत नाहीत, दोन्ही मिळून येणारा ऑफसेट धरतात.

रुंदी मोजताना टेप बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत लावला, तर 7 इंचाचं चाक जवळजवळ 8 इंच भरेल. मोजायची असते ती टायरची बीड (रिमवर टेकणारी कड) जिथे बसते त्या दोन जागांमधली रुंदी.

नियमापेक्षा महत्त्वाची गोष्ट नटांची. कंपनीच्या काही चाकांना गोलाकार बैठकीचे नट लागतात आणि बाजारातल्या बहुतेक चाकांना शंकूच्या. चुकीचा नट घट्ट वाटतो, पण कडेच्या बारीक रेषेवरच टेकलेला असतो आणि दोन-तीन फेऱ्यांत सैल होतो. स्पेसर लावल्यावर नटाचे आटे स्टडवर किती चढतात तेही मोजा. साधा नियम असा, की स्टडचा जेवढा व्यास तेवढी तरी पकड हवी. 12 मिमीच्या, दीड मिमी पिचच्या स्टडवर ते निदान आठ पूर्ण वेढे होतात. कमी भरले तर लांब स्टड बसवा, आणि तो बदल तुमच्या वर्गात चालतो का ते आधी पाहा. नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळा आणि पहिल्या फेरीनंतर चाक थंड झालं की पुन्हा तपासा.

टायर

टायरचा ट्रेडवेअर, म्हणजे रबर किती हळू झिजतं याचा आकडा, निदान 200 हवा ही अट बाजूच्या भिंतीवरच्या आकड्यावरून तपासली जाते. तो आकडा टायर कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून नियमपुस्तकात आकड्याशिवाय इतर अटी आणि वगळलेल्या टायरांची यादीही असते. फक्त 200 हा आकडा पाहून पूर्ण सेट मागवू नका.

जास्त कॅम्बरच्या गाडीत टायरची आतली कड आधी झिजते आणि ती उभ्याने दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून, खाली वाकून, बोट फिरवून पाहा. तारा दिसल्या तर तपासणीतच गाडी बाहेर. हवेसाठी बाजूच्या भिंतीच्या खांद्यावर खडूची रेघ मारा. फेरीनंतर खडू टायरच्या खांद्यावरच्या त्रिकोणी खुणेच्या खालपर्यंत पुसला गेला असेल तर हवा कमी आहे, आणि खुणेच्या बराच वर राहिला असेल तर जास्त. एका वेळी 1 ते 2 पीएसआयच बदला.

गाडी जितकी खाली तितकी चांगली?

मॅकफर्सन स्ट्रटच्या गाड्यांत हा समज सर्वाधिक नुकसान करतो. मूळ उंचीला खालचा आर्म चाकाच्या बाजूला किंचित उतरता किंवा जवळपास आडवा असतो. गाडी फार खाली नेली की चाकाकडचं टोक वर जातं. रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली सरकतं, म्हणून गाडी खाली असूनही वळणात जास्त कलते. शिवाय स्ट्रट आणखी दबताना कॅम्बर वाढायच्या ऐवजी कमी व्हायला लागतो, नेमका हवा असतो तेव्हा. टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोनही बिघडतो आणि खड्ड्यावर चाक आपोआप वळतं.

खरी मर्यादा शोधायला शॉकच्या दांड्यावर एक केबल टाय घट्ट बसवा आणि फेरी मारून या. टाय बंप स्टॉपपर्यंत (शॉक शेवटपर्यंत दबताना धक्का झेलणाऱ्या रबरापर्यंत) सरकलेला असेल तर मधल्या वळणात तुमची स्प्रिंग नाही, बंप स्टॉप गाडी पेलतोय. पुढची पकड एकाएकी सुटते ती यामुळे, आणि लोक दोष टायरला देतात. अशा वेळी 10 मिमी वर उचललेली गाडी बहुतेकदा वेगवान निघते. जिथे स्प्रिंग बदलता येत नाही त्या वर्गात शॉकचं कॉम्प्रेशन (दबताना होणारा विरोध) आणि परवानगी असलेला एक स्वे बार, हेच दोन उपाय हातात राहतात.

अलाइनमेंट उंची ठरल्यावरच करा, आणि चालकाच्या वजनाएवढं ओझं सीटवर ठेवून. स्ट्रटच्या पुढच्या चाकांना उणे 2.5 ते 3.5 अंश कॅम्बर आणि शून्य ते 3 मिमी टो-आउट (चाकांची पुढची टोकं किंचित बाहेर वळलेली) ही चांगली सुरुवात आहे. मूळ गटात कॅम्बर प्लेट चालत नाही, मग मूळ बोल्टच्या भोकातल्या ढिलाईने जेवढा कॅम्बर मिळेल तेवढा दोन्ही बाजूंना समान घ्या.

मैदानावर येणाऱ्या तक्रारी

ब्रेक जोरात दाबला, पेडल दगडासारखं कडक झालं आणि गाडी थांबेचना: पकडदार टायर आणि एकदम आदळलेला पाय यांमुळे एबीएस रस्ता निसरडा समजून दाब तोडतो. उंचसखल जागी हे हमखास होतं. सुरुवातीलाच फार चावणारे पॅड असतील तर सौम्य पॅड लावा आणि पेडलवर पाय चढत्या जोराने टाका.

लांब वळणात इंजिन गचके खातं: टाकीत पेट्रोल कमी असल्याने ते एका कडेला जाऊन पंप कोरडा पडतो. वजन वाचवायला पाव टाकीच्या खाली जाऊ नका. इंजिन ऑइल पूर्ण खुणेपर्यंत ठेवा.

आतलं चाक हवेत फिरतं: बहुधा त्या बाजूचा स्वे बार फार कडक आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचा बार आणखी जाड केला की हे वाढतंच.

तपासणी आणि कागद

सुटं सामान, मॅट, व्हील कॅप काढा. बॅटरी हाताने हलवून पाहा, जराही सरकली तर नापास. चाक वर-खाली धरून हलवा आणि बेअरिंगचा ढिलेपणा पाहा. एससीसीएमध्ये गाडीचा क्रमांक निदान 8 इंच आणि वर्गाची अक्षरं 4 इंच उंच लागतात, रंग गाडीशी ठळक विरोधी हवेत.

फॅक्टरी मॅन्युअलची प्रत गाडीबरोबर ठेवा. दुसऱ्या स्पर्धकाने हरकत घेतली तर मूळ भाग कसा होता हे दाखवायला तीच लागते. बदललेल्या प्रत्येक भागासमोर त्याचा पार्ट क्रमांक आणि परवानगी देणाऱ्या कलमाचा क्रमांक लिहून एक पान करा. ज्या भागासमोर कलम लिहिता आलं नाही, तो स्पर्धेआधी काढा किंवा पहिली फेरी सुटण्यापूर्वी नोंदणीच्या टेबलावर जाऊन वर्ग बदलून घ्या.