पिल्लांच्या टँकमध्ये पांढरे ठिपके: आधी वजनकाटा काढा

सोलापूरच्या दाजी पेठेत माझं किराणा दुकान आहे. गल्ल्याच्या मागे भिंतीला लागून दोन फुटी काचेचा टँक, त्यात गप्पी आणि काळ्या मॉली जातीचे मासे. पेठेतली पोरं बिस्किटं घ्यायला येतात आणि टँकपुढंच रेंगाळतात. सहा-सात घरांतले टँक तर माझ्याकडच्या पिल्लांवरच सुरू झालेत. त्यामुळं जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत थंडी पडली की कुणीतरी धावत येतंच, "आबा, पिल्लांच्या अंगावर रवा चिकटलाय!"

हा व्हाईट स्पॉट नावाचा माशांचा रोग. दुकानदार त्याला 'इक' म्हणतात. ठिपके खरंच रव्याच्या कणाएवढे असतात, आधी शेपटीवर आणि परांवर दिसतात. पिल्लू जेमतेम सात-आठ मिलिमीटरचं, त्यामुळं समोरून बघून काही कळत नाही. टँकचा दिवा बंद करा आणि बाजूनं टॉर्च धरा, ठिपके चमकतात. ठिपका एकही नसताना पिल्लं पर मिटून एका जागी थरथरत असतील, खड्यांवर अंग घासत असतील, तरी सावध व्हा. हा जीव कल्ल्यांतही बसतो. तिथला ठिपका बाहेरून दिसत नाही आणि पिल्लं दगावतात ती बहुतेक त्यानंच.

नुसत्या थंडीनं हा रोग होत नाही. तो नव्या माशाबरोबर, नव्या वनस्पतीबरोबर किंवा दुसऱ्या टँकच्या ओल्या जाळीवरून येतो. पण जानेवारीत आपल्याकडं रात्री पारा 15-16 अंशांवर उतरतो आणि दुपारी ऊन चटकतं. छोट्या टँकचं पाणी तसंच खालीवर होतं, माशाची ताकद घटते आणि रोगाला वाव मिळतो.

आता हा जीव जगतो कसा ते समजून घ्या, कारण सगळा उपचार त्यावर बेतलेला आहे. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली बसलेला एकपेशीय परजीवी. तिथं त्याला मीठ लागत नाही की औषध. पिकला की तो गळून तळाला पडतो, भोवती कवच करतो आणि आत एकाचे शेकडो होतात, कधी हजारापर्यंत. कवचातही औषध पोचत नाही. कवच फुटलं की ती बारीक पिलावळ मासा शोधत पोहत सुटते. दोनेक दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरते. मीठ काय, औषध काय, मार लागतो तो एवढ्या पोहण्याच्या वेळेतच. म्हणून चौथ्या दिवशी ठिपके दिसेनासे झाले तरी रोग गेलेला नसतो. तो खाली खड्यांत असतो.

हे मला ठाऊक नव्हतं तेव्हा मी 26 पिल्लांपैकी 19 एका रात्रीत घालवली. माझी नात दुसरीत होती, पिल्लं तिची. बाजारातून निळ्या औषधाची बाटली आणली आणि अंदाजानं दोन टोपणं ओतली. ते मिथिलीन ब्लू होतं. औषध वाईट नाही, अंड्यांवरच्या बुरशीला ते चांगलं. पण मुख्य टँकमध्ये टाकलं की फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतं. ते गेले की माशांच्या विष्ठेतून, उरल्या खाण्यातून तयार होणारा अमोनिया साठत जातो. आधीच कल्ले जखमी असलेल्या पिल्लांना तो सोसवत नाही. सकाळी नात उठायच्या आत मी मेलेली पिल्लं काढली. तरी उरलेली तिनं मोजलीच. त्या दिवसापासून मी मोजल्याशिवाय पाण्यात काही टाकत नाही.

तर पहिलं काम, पाणी मोजा. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, हजारानं भागा, लिटर मिळतात. माझा टँक 60 बाय 30, पाणी 25 सेंटिमीटर, म्हणजे 45 लिटर. खडे-दगडांचे पाच वजा केले, राहिले 40.

दुसरं, मीठ. गप्पी-मॉलीच्या पिल्लांना मी लिटरला दोन ग्रॅम धरतो. माझ्या टँकला 80 ग्रॅम झालं. जाडं मीठ घ्या, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही असं. आणि ते काट्यावर तोला. चमच्यावर विसंबू नका. मी दुकानात तोलून पाहिलंय: एकाच चहाच्या चमच्यात बारीक मीठ सहा ग्रॅम भरतं, जाडं कधी चार तर कधी सात. पिल्लांच्या बाबतीत हा फरक छोटा नाही. घरी काटा नसेल तर जवळच्या किराणावाल्याकडून पुड्या बांधून घ्या, कुणी नाही म्हणणार नाही.

80 ग्रॅमच्या मी 20-20च्या चार पुड्या करतो आणि आठ-आठ तासांनी एक देतो, म्हणजे दीड दिवसाच्या आत पूर्ण मात्रा. टँकमधलंच पाणी तांब्यात घ्यायचं, मीठ पूर्ण विरघळवायचं आणि फिल्टरचे बुडबुडे उठतात तिथं हळूहळू ओतायचं. कोरडे खडे टाकू नका. खडा जिथं पडतो तिथं मिठाची धार तयार होते आणि तळाला विसावलेली पिल्लं भाजतात.

मीठ उडून जात नाही, हे इथं फार महत्त्वाचं. सोलापूरच्या कोरड्या हवेत टँकचं पाणी भराभर आटतं. आटलेली भर साध्या पाण्यानं करायची, त्यात मीठ नाही. मीठ फक्त उपसून टाकलेल्या पाण्याच्या बदल्यात. दहा लिटर उपसलं आणि दहा भरलं तर 20 ग्रॅम. इथं गल्लत झाली की आठवड्यात खारटपणा वाढून बसतो आणि पिल्लं का मरतायत ते कळत नाही.

हीटर असेल तर पाणी 29-30 अंशांवर न्या, पण सावकाश. दोन-तीन तासांनी एक अंश. माझ्या टँकला 50 वॅटचा पुरतो. उबेनं परजीवी मरत नाही, त्याचं चक्र वेगात फिरतं. थंड पाण्यात जे काही आठवडे चालतं, 25 अंशांना आठवडाभरात होतं, ते इथं तीन-चार दिवसांत उरकतं आणि तो लवकर मिठाच्या तावडीत येतो. 30च्या वर त्याची वाढ बहुधा थांबतेच. मात्र गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप जोरात ठेवा. वीज गेली तर दर दहा-पंधरा मिनिटांनी तांब्यानं पाणी उचलून वरून बारीक धारेनं सोडा. आमच्याकडं हे काम नात करते.

रोज सकाळी तळ उपसा. पिल्लांच्या टँकला मोठा पाइप लावू नका, एअर पंपाचीच बारीक नळी घ्या आणि पाणी पांढऱ्या बादलीत सोडा. ओढलं गेलेलं पिल्लू पांढऱ्यावर लगेच दिसतं, चमच्यानं परत सोडता येतं. या उपशात कवचं निघून जातात. मला विचाराल तर निम्मा गुण याच कामाचा. रोज पाचवा हिस्सा पाणी पुरे.

नवं पाणी कुठलं घालता तेही बघा. आपल्याला महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळं पिंपात साठवण असतेच. त्यातलं क्लोरीन उडावं म्हणून पिंप झाकण न लावता एक दिवस ठेवा, वर फक्त सुती फडकं बांधा, नाहीतर डेंग्यूचे डास अंडी घालतील. नळाला पाणी आलंय म्हणून ताजंच ओतायची घाई नको. घाई असेलच तर अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे घाला. बोअरचं पाणी रात्रभर ठेवून, एअर पंप चालवून मग घ्या. ते जड असतं, पण गप्पी-मॉलींना जड पाणी मानवतं. पाणी टँकइतकंच कोमट हवं, हात बुडवून समजतं.

खाणं तोडू नका. मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी राहू शकतो, पिल्लू नाही. दिवसातून तीनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, चुरलेलं कोरडं खाद्य किंवा ताजा आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव). उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक या दिवसांत बंद. तो पाणी नासवतो.

शेवटचा ठिपका गेल्यावर पुढं पूर्ण सात दिवस मीठ, ऊब आणि उपसा तसाच चालू ठेवा. मी कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करतो. नंतर चार-पाच दिवस साध्या पाण्यानं बदलत बदलत मीठ कमी करायचं. उपसलेलं पाणी मोरीत ओता, तुळशीत नको, आणि सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात तर अजिबात नको.

हे सगळं गप्पी, मॉली, प्लॅटीसाठी. त्याच टँकमध्ये टेट्रा किंवा कोरी (कोरीडोरस) हे मासे असतील तर त्यांना एवढं मीठ जड जातं आणि बऱ्याच वनस्पतीही वितळतात. अशा वेळी त्यांना वेगळ्या टबात घ्या आणि तिथं ऊब व उपशावर भर द्या. लहान पिल्लांना मॅलाकाईट ग्रीन या औषधाच्या बाटल्या मी देत नाही, ते त्यांना विषारी आहे.

पांढरं दिसलं की मीठ, असंही करू नका. कापसासारखा पुंजका जखमेवर असेल तर ती बुरशी. पिवळसर सोनेरी धूळ दिसली तर व्हेल्व्हेट, हा दुसऱ्या परजीवीचा रोग. त्यावर मीठ चालतं, शिवाय टँक फडक्यानं झाकून अंधार करा, कारण तो परजीवी उजेडावरही जगतो. आणि पाठीवर खोगिरासारखा करडा-पांढरा पट्टा, तोंडाभोवती पांढुरकं असेल तर हीटर वाढवू नका. तो जिवाणूंचा रोग, उबेनं भडकतो आणि दिवस-दोन दिवसांत पिल्लं नेतो. पिल्लं वेगळी काढा आणि पशुवैद्यकांना विचारा. घरातल्या उरलेल्या कॅप्सूल फोडून टाकू नका.

उन्हाळ्याची गोष्ट वेगळी. मेमध्ये बाहेर 42-43 अंश असताना पाणी आपोआप 30च्या वर जातं, व्हाईट स्पॉट क्वचितच दिसतो. तेव्हा पिल्लं वर येऊन तोंडं उघडत असतील तर प्राणवायू कमी पडलाय किंवा अमोनिया वाढलाय. गरम आणि अल्कधर्मी (pH जास्त असलेल्या) पाण्यात तोच अमोनिया जास्त विषारी होतो. मीठ शोधत बसू नका, लगेच चौथा हिस्सा पाणी बदला आणि टँक पश्चिमेच्या खिडकीपासून हलवा.

नवा मासा मी आता थेट टँकमध्ये सोडत नाही. दुकानाच्या पोटमाळ्यावर 15 लिटरचा काळा टब आहे, छोटा स्पंज फिल्टर लावलेला. दोन आठवडे तिथंच मुक्काम. टब मुद्दाम काळा घेतलाय, त्यावर ठिपका उठून दिसतो. त्या टबाची जाळी वेगळी, लाल दांड्याची, आणि वापरून झाली की ती गच्चीवर कडक उन्हात वाळते. काल नातीनं चार नव्या प्लॅटी आणल्या. टबावर तिनं खडूनं तारीख लिहून ठेवलीय.