पुण्यात पहिले आठ दिवस: लोकलच्या रुळालगत फॅमिलीसाठी स्वस्त लॉज

पुणे स्टेशनाबाहेर पडल्या पडल्या 'रूम पाहिजे का, फॅमिली रूम आहे' म्हणत जो बॅगेला हात घालतो, त्याला मान हलवून सरळ पुढं चालायचं. त्याचं कमिशन शेवटी तुमच्याच बिलात येतं. आणि त्या गर्दीत राहायलाच पाहिजे असंही नाही. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आहे. शिवाजीनगर, खडकी सोडून पुढं गेलात की कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, तळेगाव या पट्ट्यात बायकापोरांना घेऊन निवांत राहता येईल असे लॉज मिळतात, आणि भाडं स्टेशनासमोरच्यापेक्षा बरंच कमी असतं. लोकलचं तिकीट थेट लोणावळ्यापर्यंत काढलं तरी पंधरा रुपये.

मी मूळचा बुलढाण्याकडचा. चिंचवडला स्थायिक होऊन बराच काळ झाला, पण घर दोन खोल्यांचं. गावाकडून चार-पाच जण एकदम आले की त्यांची सोय बाहेरच करावी लागते. हे सगळं त्यातून कळलेलं.

आधी ठरवा, काम कुठं आहे. शहर कुठं आहे ते नंतर. ससून हॉस्पिटलला पेशंट असेल तर पिंपरीत राहून रोज ये-जा करण्यात अर्थ नाही, तिथं पुणे स्टेशनचाच परिसर बरा. शंभर-दोनशे जास्त गेले तरी रात्री-अपरात्री पायी जाता येतं. पेशंट पिंपरीच्या वायसीएम हॉस्पिटलला असेल तर संत तुकारामनगर, वल्लभनगर भागात बघा. तिथं एसटी स्टँडही आहे आणि मेट्रोही. पोराची अ‍ॅडमिशन निगडी-आकुर्डीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असेल तर आकुर्डी स्टेशन. तळेगाव एमआयडीसीत जॉइन व्हायचं असेल तर सरळ तळेगाव. हिंजवडीवाल्यांनी एक लक्षात ठेवावं, हिंजवडीला लोकल जात नाही. चिंचवडला उतरून डांगे चौकातून बसनं किंवा रिक्षानं जावं लागतं, आणि त्या रस्त्यावर सकाळी जे ट्रॅफिक लागतं ते बघून गावाकडचा माणूस परतीचं तिकीट काढायला निघतो.

स्टेशनाच्या नावावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. चिंचवड स्टेशन वेगळं आणि मोरया गोसावींचं चिंचवडगाव वेगळं, मधे रूळ आहेत. आकुर्डी स्टेशन प्राधिकरण नावाच्या वसाहतीच्या बाजूला, तर हायवेवरचा आकुर्डीचा खंडोबा माळ चौक तिथून चांगला लांब. तळेगावातही स्टेशन भाग आणि गाव भाग असे दोन. लॉजवाला फोनवर 'स्टेशनाजवळच आहे' म्हणाला की पुढचा प्रश्न विचारायचा: रुळाच्या कुठल्या बाजूला? जिना चढून पलीकडं जावं लागतं का? सोबत म्हातारी आई आणि दोन बोचकी असली की नकाशावरचं अर्धा किलोमीटर फार मोठं होतं.

आता लोकलबद्दल. सकाळची ऑफिसची गर्दी ओसरली की दुपारपर्यंत गाड्यांना मोठा खंड पडतो. नवख्या माणसाला मुंबईच्या लोकलसारखं वाटतं, दर पाच मिनिटाला गाडी. इथं तसं नाही. वेळापत्रकाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, आणि दुपारी शहरात जायचं असेल तर मेट्रो धरा. पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून स्वारगेटपर्यंत ती थेट जाते. म्हणून माझा कल पिंपरी आणि कासारवाडीकडं जास्त असतो. रेल्वे आणि मेट्रो दोन्ही हाताशी. आणखी एक: लोकलचं तिकीट घेऊन एक्सप्रेसमध्ये चढू नका. 'एकच स्टेशन तर जायचंय' हे टीसीला पटत नाही.

लॉज बघताना पहिला प्रश्न भाड्याचा नाही, चेक-आउटचा. काही ठिकाणी चोवीस तासांचा हिशोब असतो: सकाळी सहाला आलात तर दुसऱ्या दिवशी सहापर्यंत रूम तुमची. काही ठिकाणी दुपारी बाराचा नियम. विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्या ट्रॅव्हल्स पहाटेच पोचवतात. बाराच्या नियमाच्या लॉजवर पहाटे पाचला पाय ठेवला की दुपारी बारालाच पहिला दिवस संपतो, आणि एका रात्रीसाठी दोन दिवसांचं भाडं बसतं. फोनवर सगळ्यात आधी हेच विचारा.

मग 'जीएसटी धरून किती' असं विचारा. साडेसात हजारांच्या आतल्या रूमवर सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के जीएसटी आहे, आधी बारा होता. जुन्या दरानं कुणी बिल फाडत असेल तर तिथंच बोला. जादा गादीचे पैसे वेगळे का, मुलांचं कुठल्या वयापासून धरतात, गरम पाणी दिवसभर की फक्त सकाळी, लिफ्ट आहे का, संडास कमोडचा की भारतीय. गुडघे दुखणाऱ्या माणसाला घेऊन आलेल्यांना शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच विचारायला लोक लाजतात. ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं मागतात. नवराबायकोपैकी एकाचंच आधार आणलंय म्हणून काउंटरवर वाद घालण्यात काही मिळत नाही.

हायवेवरच्या पाट्यांवर 'फॅमिली रूम' लिहिलेलं दिसलं की थांबू नका. बऱ्याचदा ती खाली परमिट रूम आणि वर बायकामुलांना जेवायला बसायची वेगळी जागा असते. मुक्कामाचा लॉज असलाच तरी खाली बार असेल तर रात्री बारापर्यंत झोप नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास जाऊन जिन्यात पाच मिनिटं उभं राहावं. कोण येतं-जातं ते दिसतं. लहान मुलांचे कपडे गॅलरीत वाळत असतील तर जागा चांगली, हा माझ्या बायकोचा निकष आहे आणि तो फारसा चुकत नाही.

बुकिंगच्या अ‍ॅपवर फोटो बघा, भाव बघा, पण मग लॉजच्या काउंटरवर फोन करून तोच भाव विचारा. तीन रात्रींच्या वर राहायचं असेल तर समोरासमोर बोलून कमी होतं. इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्याही मोबाईल नंबरवर पूर्ण आगाऊ रक्कम टाकू नका. देवस्थानांच्या भक्तनिवासांच्या नावानं खोटे नंबर फिरतात. अगदीच अडलं तर पुणे स्टेशनावर रेल्वेच्या रिटायरिंग रूम आहेत. तिकिटाच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवरून बुक होतात, पण त्या एक-दोन रात्रींपुरत्याच.

दौंडच्या बाजूचं थोडक्यात. मांजरी, लोणी, उरुळी या स्टेशनांवर गाड्या कमी, आणि लॉज बहुतेक सोलापूर रस्त्यावर, रुळापासून दूर. लोणी काळभोरच्या कॉलेजात काम असेल तरच तिकडं जा. उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम आहे, १९४६ साली गांधीजींनी सुरू केलेला. तिथं राहता येतं ते उपचारासाठी, लॉज म्हणून नव्हे. आणि गाडीचं तिकीट काढताना शेवटचं स्टेशन पुणे आहे की हडपसर तेही बघा. काही गाड्या आता हडपसरलाच संपतात.

जेवणासाठी लॉजच्या मेनूवर जाऊ नका. स्टेशनाच्या आसपास पोळी-भाजी केंद्र असतंच. पाच जणांचं पोट लॉजच्या एका 'स्पेशल थाळी'च्या दुप्पट-तिप्पट पैशांत भरतं.

तारखा मात्र बघून या. ज्येष्ठात देहू-आळंदीहून पालख्या निघतात तेव्हा देहूरोड, आकुर्डी, चिंचवडला धर्मशाळाच काय, मंगल कार्यालयंही भरलेली असतात. तुकोबांच्या पालखीचा देहूबाहेरचा पहिला मोठा मुक्काम आकुर्डीलाच असतो. तुकाराम बीज आणि आळंदीची कार्तिकी, तेव्हाही तेच. लोणावळा, मळवली, कामशेत पावसाळ्यात शुक्रवार ते रविवार विसरूनच जा. भुशी डॅमवाले सगळं व्यापून टाकतात आणि भाडं म्हणाल ते होतं. मंगळवार-बुधवारी तोच लॉजवाला हसून बोलतो. या दिवसांत यावंच लागलं तर तळेगावला चौकशी करा, आणि महिनाभर आधी करा.