समुपदेशनाला पहिल्यांदा जाताना

सुरुवात फोनपासून करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीतून बोलता येतं. समोरासमोर बोलायचं असेल तर जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागात जा. कोणत्या वारी कोण बसतं ते आशाताईंना आधी विचारा, म्हणजे एसटीचा हेलपाटा वाचेल.

निघण्याआधी वहीत चार ओळी लिहा: झोप किती, जेवण कसं, त्रास कधीपासून, कशानं वाढतो. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

बैठक साधारण 45 ते 50 मिनिटांची असते. बिघडतं ते इथंच. सोबत आलेला भाऊ किंवा सासू खोलीत बसते आणि खरं कर्ज, खरी भीती बोललीच जात नाही. त्यांना बाहेर थांबायला सांगा, संकोच नको. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयता हा तुमचा हक्क आहे; मात्र जिवाला धोका दिसला तर समुपदेशक घरच्यांना कळवू शकतात.

‘नुसतं बोलून काय होते?’ म्हणत बरेच जण दुसऱ्या बैठकीनंतर थांबतात. घाई करू नका, निदान सहा बैठका द्या. घरी करायला दिलेलं काम, जसं रोजचे विचार टिपणं, केलं तर जास्त फरक पडतो. कापूस वेचणीत जमणार नसेल तर पुढची तारीख आधीच मागून घ्या. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका.

मरणाचे विचार येत असतील तर बैठकीची वाट पाहू नका. फवारणीचं औषध आजच घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवा. असे विचार येणाऱ्या माणसाला एकटं सोडू नका आणि 14416 लावा. विष घेतलंच असेल तर लगेच रुग्णवाहिकेचा 108 लावा.