कथाप्रकार बदलताना आधी एकच प्रसंग लिहून बघा

सामाजिक कथा लिहिणारा रहस्यकथेकडे वळला की तो सहसा कथानकात अडकत नाही, कुठली माहिती कधी द्यायची यात अडकतो. म्हणून अख्ख्या कथेला हात घालण्याआधी एक छोटा प्रसंग दोन-तीन प्रकारांत लिहून बघा. समजा, एक बाई घरी येते आणि दारापाशी तिला अनोळखी ओली छत्री दिसते.

रहस्यकथेत ही छत्री लपवायची नाही, पण मिरवायचीही नाही. चपला, छत्री, पिशवी, वर्तमानपत्र अशी तिला इतर वस्तूंमध्ये बसवा. मधली वस्तू नजरेतून सहज निसटते. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला पहिलाच असा, की गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागात आला पाहिजे. छत्रीचंही तेच. शेवट वाचून मागे गेलेल्या वाचकाला ती तिथे सापडलीच पाहिजे. नाहीतर ती त्याची सरळसरळ फसवणूक आहे, आणि असा वाचक पुन्हा फिरकत नाही.

भयकथेत उलट, छत्रीपाशीच थांबा. पाण्याचा ओघळ आतल्या खोलीकडे गेलाय. बाहेर पाऊस नाही. इथे कारण सांगायची घाई केलीत की भीती संपली.

विनोदी कथेला वेग हवा. हशाचा शब्द वाक्याच्या अगदी शेवटी ठेवा.

प्रेमकथेत छत्री कुणाची हे आधीच कळलं तरी चालतं. ती बाई छत्री उचलते की तशीच राहू देते, वाचक त्याकडे डोळे लावून बसलेला असतो.