हिवाळ्यातील किरकोळ धडकेनंतर गाडी तपासताना या चुका टाळा

बर्फावरून घसरलेली गाडी पुढच्या वाहनाला किंवा रस्त्याच्या कडेला हलकेच धडकली, की बहुतेक जण खाली उतरतात, बंपरवर एक नजर टाकतात आणि विशेष काही झाले नाही असे समजून पुढे निघतात. पहिली चूक इथेच होते. बंपरचे बाहेरचे आवरण लवचीक प्लॅस्टिकचे असल्यामुळे ते दबून पुन्हा जवळजवळ पूर्ववत होते. त्यामागची धक्का झेलणारी आडवी पट्टी आणि तिचे आधार मात्र एकदा चेपले की चेपलेलेच राहतात. म्हणून गाडी सुरक्षित जागी घेतल्यावर, बॉनेट आणि मडगार्ड यांच्यातील फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, हेडलाइट हाताने दाबल्यास हलतो का आणि बॉनेटचे लॉक पूर्ण बसते का, एवढे तरी पाहावे. लॉककडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, याची मला खरोखर काळजी वाटते, कारण अर्धवट बसलेले बॉनेट वेग वाढताच वाऱ्याने उघडून थेट काचेवर आपटू शकते.

थंडीच्या दिवसांत सर्वाधिक फसवणूक होते ती गळतीच्या बाबतीत. गाडीखाली थेंब पडताना दिसले, तर ते वितळणाऱ्या बर्फाचे पाणी असेल असे मानून अनेक जण दुर्लक्ष करतात. यावर साधा उपाय म्हणजे इंजिनाखाली पांढरा, कोरडा पुठ्ठा सरकवून काही वेळ वाट पाहणे. बर्फाच्या पाण्याचा डाग मळकट असतो आणि तो वाळून जातो. कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, डाग हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी दिसतो, हातमोजा घातलेल्या बोटाला बुळबुळीत लागतो आणि त्याला गोडसर वास येतो. कूलंट विषारी असल्यामुळे तो पुठ्ठा मुलांपासून आणि पाळीव जनावरांपासून दूर ठेवावा. काच धुण्याच्या द्रवाची टाकी अनेक गाड्यांत बंपरच्या कोपऱ्यामागेच असते आणि ती सहज तडकते, परंतु त्या द्रवाला बहुधा स्पिरिटसारखा वास येतो, त्यामुळे फरक ओळखता येतो. हीटरमधून अचानक गार हवा येऊ लागली, तर तेही कूलंट कमी झाल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी गाडी थांबवून इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. कमी झालेल्या कूलंटच्या जागी नुसते पाणी ओतणे ही तर महागात पडणारी चूक आहे. पाणी गोठताना सुमारे 9 टक्क्यांनी फुगते आणि रेडिएटरच काय, इंजिनाचा ब्लॉकही फोडू शकते. निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी हे मिश्रण साधारण उणे 35 अंशांपर्यंत तग धरते.

रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीतील वायू थंड करणारी जाळी, असतो आणि समोरचा मार आधी त्यालाच बसतो. हिवाळ्यात एसी कोण लावतो, म्हणून त्याची तपासणी राहून जाते. पण काचेवरची वाफ घालवताना हवा कोरडी करण्याचे काम एसीच करतो, त्यामुळे धडकेनंतर काच लवकर साफ होईनाशी झाली तर संशय कंडेन्सरवर घ्यावा.

चाक कडेला आदळले असेल आणि नंतर स्टिअरिंग थरथरू लागले असेल, तर रिम वाकली असे लगेच ठरवू नये. रिमच्या आत घट्ट बसलेल्या बर्फानेही चाकाचा तोल जातो. बर्फ काढूनही थरथर राहिली, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरके राहू लागले किंवा टायरच्या बाजूला फुगवटा आला, तर नुकसान खरोखरच झाले आहे. अशा वेळी केवळ व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घेतल्यास वाकलेला टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) किंवा कंट्रोल आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा भाग) जागच्या जागी लपतो. आधी भाग बदलावा, मग अलाइनमेंट करावे.

डॅशबोर्डवरचे दिवे पेटले म्हणून स्कॅनर लावून कोड (गाडीच्या संगणकाने केलेल्या बिघाडाच्या नोंदी) पुसून टाकण्याची घाई करू नये. कोड आधी नोंदवून ठेवावेत आणि बॅटरी तपासावी, कारण थंडीत अशक्त झालेली बॅटरी अनेक खोटे कोड उमटवते. एअरबॅगचा दिवा मात्र खोटा इशारा समजून सोडून देऊ नये. तो विझत नसेल, तर पुढच्या धडकेत एअरबॅग उघडेलच असे गृहीत धरता येत नाही, आणि ते काम घरी करण्याचे नाही.

दुरुस्तीच्या वेळी गारठलेला बंपर ओढून काढू नये, कारण थंड प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि त्याच्या क्लिपा पटापट तुटतात. गाडी काही तास उबदार जागेत ठेवल्यावर तेच काम सहज होते. बहुतेक रंग सुमारे 20 अंश तापमानाला नीट बसतात, त्यामुळे उघड्यावर मारलेला रंग टिकत नाही. तरीही पत्रा उघडा पडलेला ओरखडा वसंतापर्यंत तसाच ठेवू नये, कारण रस्त्यावर टाकलेले मीठ तिथे गंज धरवते. ती जागा गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून, उबदार जागेत तिच्यावर प्रायमरचा हात तरी द्यावा.