रिपोर्ट नॉर्मल, तरी मनगट मोडलं

मला १७ वर्षं डायबेटिस आहे, टाइप टू. संकष्टीच्या रात्री चंद्रोदय झाल्यावर दोन घास खाल्ले, शुगरची गोळी मात्र नेहमीचीच घेतली. पहाटे तीनला मोरीकडे जाताना घाम फुटला, पायपुसण्यावरून घसरले, हात टेकला आणि मनगट मोडलं. शुगर ५८ होती. नंतर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी केली, तर टी-स्कोअर, म्हणजे त्या घनतेचा आकडा, उणे ०.६. म्हणजे नॉर्मल.

ह्यांची नोकरी बांधकाम खात्यातली, त्यामुळे हाडांचे डॉक्टर काय सांगतायत ते आधी ह्यांनाच कळलं. हाड म्हणजे आरसीसी. कॅल्शियम हे सिमेंट, कोलॅजन ही सळई. रक्तातली जादा साखर वर्षानुवर्षं कोलॅजनला चिकटते नि सळई ठिसूळ होते. जुनं हाड काढून नवं भरायची डागडुजीही मंदावते. डेक्सा मोजते ते सिमेंट, सळई तिला दिसत नाही. टाइप वनवाल्यांचं तर सिमेंटही कमी असतं, खुबा मोडायचा धोका त्यांना आपल्याहून जास्त.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टबरोबर शुगरच्या गोळ्यांची पाकिटंही न्या. त्यात पायोग्लिटाझोन असेल तर विचारा, कारण त्याने बायकांमध्ये फ्रॅक्चरचं प्रमाण वाढतं. मनाने बंद मात्र करू नका. मेटफॉर्मिन हाडांना त्रास देत नाही, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं आणि पायांच्या नसा आणखी बधिरतात, तेव्हा ती तपासणी करून घ्या. फ्रॅक्चरचा धोका काढायचा फ्रॅक्स नावाचा फॉर्म असतो. त्याच्या नेहमीच्या नमुन्यात टाइप टूचा रकाना नाही, म्हणून काही डॉक्टर त्याऐवजी रूमेटॉइड संधिवाताच्या रकान्यात खूण करतात. माझ्या कागदावर ती खूण पाहून मी घाबरलेच, हे आणखी कधी झालं म्हणून!

आता पडण्याचं. आमच्यासारख्यांना तळपाय नीट जाणवत नाहीत, नजर अधू, त्यात शुगर उतरते. मी काय काय केलं ते सांगते. पलंगापासून मोरीपर्यंतची सगळी पायपुसणी काढून टाकली. एक सुनेने हौसेने आणलेलं होतं, तिला वाईट वाटलं, पण काढलं. उंबऱ्याशी बारका दिवा रात्रभर जळतो. मोरीत आडवा दांडा बसवला, भिंतीत पक्का. टॉवेलचा दांडा धरून उठायचं नाही, तो निघून हातात येतो. उशाशी ग्लुकोज पावडर ठेवते. घाम आला, थरथर सुटली तर उठायचंच नाही, बसायचं. मशीनवर ७० च्या खाली दिसलं तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून घ्यायचं, १५ मिनिटांनी परत तपासायचं. आणि उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारायचं. मी विचारलं नव्हतं.

खाण्यात फार वेगळं काही नाही. दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेल्यावर १२००. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, पण भाकरी खा, आंबिल नको. पातळ आंबिलीने माझी शुगर लगेच चढते. दही, ताक, तिळाची चटणी आहेच. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी रोज घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. ती बहुधा आठवड्याला एक असते, तीही तपासून, डॉक्टरांनी सांगितली तर.

व्यायाम म्हणजे ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहणं, दूध तापेपर्यंत. आणि हात न टेकता खुर्चीतून दहादा उठबस. चालणं तर हवंच, पण तोल सावरायला नुसतं चालणं पुरत नाही.

शेवटचं पायांचं. एखादं पाऊल अचानक लाल, गरम आणि सुजलेलं दिसलं आणि दुखत फारसं नसलं, तर मुरगळलं असेल म्हणून तेल चोळत बसू नका. बधिर पायातली हाडं आतल्या आत मोडत असू शकतात, त्याला शारको फूट म्हणतात. त्या पायावर भार न देता त्याच दिवशी दवाखाना गाठा.